हरणासाठी बॉल राउंड

कतारला मला कुणी पोस्टिंग ऑर्डर दिली नव्हती. गडहिंग्लजच्या एजंटने तिकीट दिलं आणि विमानतळावर सोडलं. तरी मी त्याला पोस्टिंगच म्हणतो. चोवीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही. हवालदार म्हणून रिटायर झालो, त्यातली शेवटची नऊ वर्षं कोत एनसीओ. कोत म्हणजे पलटणीची हत्यारखोली. रायफली, राउंड, रजिस्टर आणि तीन कुलपं. खोलीतून बाहेर जाणारी प्रत्येक गोळी माझ्या सहीने जायची.

लोक मला विचारतात, काय हो हवालदार, लढाईतलं काहीतरी सांगा की. लढाईतलं सांगणारे ढीगभर आहेत. मी दोह्याच्या उत्तरेकडच्या एका शेतावरचं सांगतो. तिथे माझा एक माणूस गेला. गोळी कुठली द्यायची हे मी ठरवलं होतं, आणि मेल्यावर दोष त्याच्या माथी जात होता. ऐकायचं तर हे ऐका, नाहीतर राहू द्या.

फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. शेताच्या मालकाला सगळे अबू नासर म्हणायचे. तेही त्यांच्या फौजेतले, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. ताठ माणूस. शेतावर खजुरांच्या रांगा, उंट, आणि कुंपणाच्या आत परदेशातून आणलेली तीसेक हरणं. अबू नासर दरवर्षी पानगळीच्या दिवसांत शिकारीला बाहेरच्या देशांत जायचे. हरणासाठी आणि एल्कसाठी. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड जनावर, उभं राहिलं तर शिंगं छपराला लागावीत. त्यांच्या लायसन्सच्या चार रायफली होत्या आणि त्या सांभाळायला त्यांना जुना कोतवाला हवा होता. माझं नाव लायसन्सवर कीपर म्हणून चढलं. फायर करायचं काम त्यांचं, बाकी सगळं माझं.

रूटीन सांगतो. साडेचारला उठणं. पाचला कोत उघडणं, मोजणं, तेल. सहाला चहा. आठवड्यातून एकदा शेताच्या मागच्या रेंजवर झिरो, म्हणजे रायफल नेम धरते तिथेच गोळी लागते की नाही हे तपासणं. फायर झाल्यावर उरलेले राउंड जमा, खाली खोखे जमा. खोखा म्हणजे गोळी सुटल्यावर मागे राहणारं पितळी टरफल. आपल्या फौजेत रेंजवरून निघताना प्रत्येक जवान सावधान उभा राहून मोठ्याने सांगतो, ‘मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोखा नहीं है, श्रीमान.’ हे सांगितल्याशिवाय रेंज सुटत नाही. अबू नासरना ही पद्धत इतकी आवडली की तेही माझ्यापुढे उभे राहून अरबीत तसंच सांगायचे आणि मग हसायचे.

शेतावरचा दुसरा फौजी म्हणजे दिलबहादूर गुरुंग. नेपाळचा. आपल्याकडच्या गोरखा पलटणीतून नाईक होऊन रिटायर झालेला. हरणांचा वॉचर. बुटका, गोरा, पायात स्प्रिंग बसवल्यागत चालणारा. मला तो गुरुजी म्हणायचा, त्यांच्यात सिनियरला तसंच म्हणतात. मी त्याला दिल्या म्हणायचो. शुक्रवारी आम्ही बसने दोह्यातल्या नजम्याला जायचो. एका मल्याळी कॅफेटेरियात कडक चहा आणि पराठा. तिथे बसून तो माझ्या पलटणीची थट्टा करायचा, मी त्याच्या. त्याचा बाप सुभेदार होऊन रिटायर झाला होता आणि अजून घरी सगळ्यांची रोल कॉल घेतो असं तो सांगायचा. ‘गुरुजी, मेरा बाप मरा तो यमराज को भी पहले सॅल्यूट करना पडेगा,’ असं म्हणून स्वतःच खो खो हसायचा. जिवाला जीव देणारा माणूस हो. त्याच्यासारखा मित्र मला गावातसुद्धा मिळाला नाही.

आता राउंडचं. हे नीट ऐका, कारण सगळं याच्यावर आहे.

कोतमध्ये तीन पेट्या होत्या, तिन्ही एकाच रायफलीच्या, आपल्या जुन्या सात-बासष्टच्या मापाच्या. लाल चिठ्ठीची पेटी हरणासाठी. हिरव्या चिठ्ठीची एल्कसाठी. पांढऱ्या चिठ्ठीची रेंजसाठी, म्हणजे फौजी बॉल राउंड. बॉलची गोळी वरपासून खालपर्यंत तांब्याच्या कवचात असते. अंगात शिरते आणि सरळ पार निघून जाते. लाल पेटीतल्या गोळीचं टोक उघडं, नरम शिशाचं. जनावरात शिरलं की ते टोक पसरतं आणि गोळी आतच आपली सगळी ताकद टाकते. अबू नासरनी एकदा ओल्या वाळूच्या पोत्यावर मारून ती गोळी मला काढून दाखवली. लाहीसारखी फुलली होती. हिरव्या पेटीतली तशीच, पण जड आणि चिवट. एल्कचं हाड जाड, खांदा रुंद, तिथे हलकी गोळी वरच्यावर फुटून जाते आणि जनावर जखमी होऊन डोंगरात पळतं. म्हणून हरणाला लाल, एल्कला हिरवी. ‘हवालदार, शिकारीत जखमी जनावर सोडणं हा गुन्हा आहे,’ ते म्हणाले. ‘एक गोळी, तिथेच खलास. हीच दया.’

मी ‘यस सर’ म्हणालो. मनात मात्र नन्नाचा पाढा.

कारण मला वेगळं शिकवलं होतं. रिक्रूट असताना आमच्या उस्तादने फळ्यावर गोळी काढून सांगितलं होतं की फुटणारी, पसरणारी गोळी लढाईत चालवायला जगभर मनाई आहे. ती कसायाची गोळी. सैनिक पूर्ण कवचाची साफ गोळी चालवतो. हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. लाल पेटी उघडताना मला आपण काहीतरी चोरटं करतोय असं वाटायचं. हे मी दिल्याजवळ एकदा बोललो. आम्ही कुंपणापाशी हरणांना चारा टाकत होतो.

‘गुरुजी, दुश्मन अलग, हिरन अलग,’ तो म्हणाला. ‘बॉल से हिरन मरता नहीं. भागता है. दो दिन बाद झाडी में मरता है. हमारे गांव में बच्चा बच्चा जानता है.’

‘तुझ्या गावात ठेव तुझं शहाणपण,’ मी म्हणालो. ‘बॉल म्हणजे बॉल.’

तो हसला. वाद घालायचा नाही. सिनियर बोलला की विषय संपला, अशी त्यांची शिस्त. माझ्यासारख्या हेकट माणसाला ती फार सोयीची पडली.

त्या हिवाळ्यात शेताच्या कुंपणाला लागून रस्त्याचं काम सुरू झालं. सगळा देशच तेव्हा उकरून ठेवला होता. जिकडे बघाल तिकडे क्रेन, पाट्या आणि पिवळी जाकिटं. आमच्या बाजूला कुंपणाच्या आतून पाण्याच्या पाइपसाठी लांबलचक चर खणला होता आणि त्यातल्या माती-दगडांचा ढीग चराच्या कडेलाच टाकला होता. कामगारांच्या बसेस बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतून भल्या पहाटे निघायच्या आणि सहाच्या सुमाराला शेताच्या बाजूच्या गेटमधून माणसं आत शिरायची. त्या कामाच्या सेफ्टी इंजिनिअर आपल्या नाशिकच्या सोनवणे मॅडम. राहायला दोह्यात, मदिनत खलीफाला. मराठी माणूस भेटल्याचा त्यांना फार आनंद. मला काका म्हणायच्या. चराला कठडा लावा म्हणून मी दोनदा त्यांना सांगितलं. त्यांनी कंपनीला दोनदा लिहिलं. कठडा काही आला नाही.

एके दिवशी पहाटे पाच दहाला वॉकीटॉकी वाजला.

‘गुरुजी. दिल बोल रहा हूँ. बडावाला रात में खड्डे में गिरा था. बाहर निकला है. अगला पैर गया.’

बडावाला म्हणजे कळपातला सगळ्यात मोठा नर. शिंगं फाटलेल्या झाडासारखी. रस्त्याच्या कामावरच्या दिव्यांच्या उजेडात मी दुर्बिणीने पाहिलं. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. तीन पायांवर कुंपणाला धडका देत होता. जाळी एका जागी फाटली होती, आणि तासाभरात तिथून माणसं चालत येणार होती.

अबू नासरना फोन केला. पाच पंचवीसला ते आले. एक नजर टाकली.

‘डॉक्टर?’ त्यांनी विचारलं.

‘गुरांचा डॉक्टर आठनंतर, सर.’

‘नाही थांबायचं. रायफल आण. हरणाची गोळी.’

मी कोतमध्ये गेलो. तीन पेट्या समोर. वेळ पाच चाळीस. मला अजून ती मांडणी दिसते. लाल पेटीवर हात ठेवला आणि काढला. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते खरं सांगतो. जनावर बिथरलेलं आहे, अंग ताणलेलं आहे, खांद्याचं हाड मध्ये आहे. नरम गोळी हाडावर फुटली तर? बॉल कधी दगा देत नाही. चोवीस वर्षं दिला नाही. मी पांढऱ्या पेटीतून तीन राउंड घेतले आणि मॅगझिन भरलं. विचारायला दहा सेकंद लागली असती. विचारलं नाही. मला ठाऊक होतं ना सगळं.

अबू नासरनी मॅगझिन घेतलं, लावलं आणि बोल्ट ओढला. गोळीचं टोक पाहिलं नाही. माझ्या हातून आलं म्हणजे बरोबरच, असा त्यांचा भरवसा.

जागा मी ठरवल्या. हरणाच्या मागे तो मातीचा ढीग होता. रेंजवर निशाणामागे मातीचा बांध असतो तसा, गोळी त्यात जिरेल. दिल्याला बाजूच्या गेटवर ठेवलं, फायरच्या रेषेपासून चांगला डावीकडे. काम एकच. गेट बंद ठेवायचं आणि कोणी कामगार लवकर आलाच तर बाहेरच्या बाहेर परत पाठवायचा.

‘दिल, गेट बंद?’

‘बंद, गुरुजी. एक बस आई थी. वापस भेजा.’

‘जागा सोडू नकोस.’

‘गेट पे ही हूँ, गुरुजी.’

पाच बावन्न. अबू नासरनी पिकअपच्या बॉनेटवर कोपरं टेकवली. एक राउंड. नर दोन पावलं पुढे गेला आणि कोसळला. माझ्या दुर्बिणीत फक्त तो होता. मागच्या ढिगात धूळ उडालेली दिसली. मी मनात म्हटलं, बघा, बॉल.

बोल्ट उघडला, रायफल खाली. उरलेले दोन राउंड मी काढून घेतले. खोखा उचलून खिशात टाकला. सवय. मग वॉकीटॉकी.

‘दिल, खलास. ये आता.’

उत्तर नाही.

‘दिल, रिपोर्ट.’

पुन्हा नाही. मी पळालो. माझं वय तेव्हा अट्ठेचाळीस, गुडघा जुना, पण असा मी रिक्रूट असतानाही पळालो नव्हतो. तो गेटपासून आठ पावलं आत, आमच्या दिशेला तोंड करून पालथा पडला होता. हात गळ्यावर. गोळी गळ्याच्या बाजूची शीर तोडून पुढे निघून गेली होती. मी तळहात दाबून धरला. ‘दिल्या, दिल्या, अरे बघ की माझ्याकडं,’ असं मराठीतच ओरडत होतो. त्याने पाहिलं. अँब्युलन्स त्याच गेटमधून आत आली, बरीच माणसं धावली, आणि गेटपाशी रक्त होतं की नव्हतं हे कुणाला पाहायला उरलं नाही. सहा दहाला डॉक्टरने मान हलवली.

मी त्या ढिगाशी जाऊन आलो. वरची माती, खाली चरातून निघालेल्या चुनखडीच्या फरशा. एका फरशीवर ताजा पांढरा ओरखडा, तिरपा, गेटच्या दिशेने. बॉल हरणातून पार गेली, दगडाला चाटली आणि वळली. नरम गोळी असती तर हरणाच्या आतच राहिली असती, आणि बाहेर आली असती तरी दगडावर चुरा झाली असती. मी तिथेच बसलो.

पोलीस आले, जबाब झाले, फोटो झाले. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत. हरणाची गोळी चालवली होती, ती अशी लांब वळून जात नाही. अबू नासर तेच म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मग माणूस मेला कसा? एकच अर्थ निघत होता. तो गेट सोडून हरणाजवळ आला असणार. पडलाही होता आठ पावलं पुढे. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी हरणाकडे बघत होतो. ते खरं होतं. त्याच्या पुढचं मी बोललो नाही.

दोन दिवस मी बोललो नाही. भ्यालो होतो, दुसरं काय. परका मुलुख, घरी बायको, मुलगी बारावीला. खोखा पँटच्या खिशात तसाच. कोत उघडली, पेट्या मोजल्या. लाल पूर्ण. पांढरीत एक कमी. रजिस्टरमध्ये त्या दिवसाची ओळ कोरी होती आणि पेन माझ्या हातात. मी तिथे काहीही लिहू शकलो असतो. लिहिलं नाही आणि सोडलंही नाही, नुसता बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोनवणे मॅडमनी मला त्यांच्या पोर्टाकॅबिनमध्ये बोलावलं. चर त्यांच्या कंपनीचा, म्हणून एक रिपोर्ट त्यांचाही जाणार होता. त्यांचे डोळे जागरणाने सुजलेले.

‘काका, बसा. चहा सांगू?’

‘नको, मॅडम.’

‘एक साक्षीदार म्हणून सही पाहिजे. मग खलास. संध्याकाळी बॉडी काठमांडूला जातेय, हे कागद बरोबर जातील.’

‘काय लिहिलंय?’

त्या इंग्रजीत वाचू लागल्या. मी थांबवलं. ‘मराठीत सांगा.’

‘अपघाताचं कारण. वॉचरने सूचना मोडून आपली नेमलेली जागा सोडली आणि तो फायरिंगच्या भागात आला.’

‘हे घरी जाणार?’

‘घरच्यांना कॉपी द्यावी लागते, काका.’

त्याच्या घरी कोण होतं? आयुष्यभर पोरांची रोल कॉल घेतलेला सुभेदार. त्याच्या हातात हा कागद पडणार होता, की तुझा मुलगा जागा सोडून पळाला म्हणून मेला. माझ्या कानशिलात रक्त चढलं. राग कुणाचा आला म्हणाल तर माझाच. मी खिशात हात घातला आणि खोखा टेबलावर ठेवला.

‘हे काय?’

‘त्या दिवशीचा खोखा. बुडाचा शिक्का बघा. ही हरणाची गोळी नव्हे. फौजी बॉल आहे. मॅगझिन मी भरलं. साहेबांनी हरणाची मागितली होती, मी दुसरी दिली. तो गेटवरच होता, मॅडम. गोळी लागल्यावर आमच्याकडे चालत आला. हाक मारता येईना म्हणून चालत आला.’

त्यांनी खोखा उलटा करून बुडाचा शिक्का पाहिला. मग उठून दार लावून घेतलं.

‘काका, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? तुम्हाला आत टाकतील.’

‘टाकू देत.’

‘मुलगी बारावीला आहे ना तुमची? घरचं कोण बघणार? हे बघा, तो तर गेला. तुम्ही बोललात म्हणून परत यायचा नाही.’

‘परत येणार नाही म्हणूनच बोलायचं. तो असता तर त्याचं तो बोलला असता.’

‘आणि तुमच्या घरच्यांना काय सांगू मी?’

‘काही सांगू नका. मी सांगतो. तुम्ही ते वाक्य खोडा.’

त्यांनी डोळे पुसले. वैतागून म्हणाल्या, ‘फौजी लोक म्हणजे ना...’ आणि नवा कागद ओढला. ‘सावकाश सांगा. वेळेसकट. मी शब्द न शब्द लिहिते.’

मी पाच दहापासून सांगितलं. पाऊण तास लागला. सही केली. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

तिथून थेट अबू नासरकडे गेलो. ते मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, एकटे बसले होते. मी सावधान उभा राहिलो.

‘सर, मॅगझिनमध्ये बॉल होता. मी भरला.’

त्यांना समजायला वेळ लागला. मग ते उभे राहिले. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

‘का?’

‘मला वाटलं, मला जास्त कळतं.’

ते खिडकीकडे गेले. पाठमोरेच बोलले. ‘मीही पाहिलं नाही. चाळीस वर्षं जवानांना शिकवलं, हत्यार हातात घेशील तर स्वतः बघ. मी बघितलं नाही.’ मग गाडीची चावी उचलली. ‘यल्ला, चल. दोघे जाऊ.’

पोलिसांकडे आम्ही दोघे गेलो. आपापलं सांगितलं. दुसरा कुणी मोठा माणूस असता तर मला पुढे करून मोकळा झाला असता. हे झाले नाहीत. जुना रिपोर्ट थांबला. दिल्याबरोबर जो कागद गेला त्यात सोनवणे मॅडमनी लिहिलेलं होतं. पुढे कोर्टाने जे ठरवलं ते मी भोगलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आत असताना मॅडम दोनदा भेटायला आल्या. येताना शेंगदाण्याची चटणी आणायच्या आणि मलाच रागवून जायच्या. सुटलो तेव्हा दोह्यात जिकडेतिकडे वर्ल्डकपचे झेंडे लागले होते. मला विमानात बसवलं.

घरी आठ दिवस राहिलो. नवव्या दिवशी बायकोला म्हणालो, नेपाळला जातो.

‘कशाला? कागद गेलाय ना?’

‘कागद गेलाय. मी गेलो नाही.’

‘मारतील ओ तुम्हाला तिथं.’

‘मारू देत.’

‘सारखं मारू देत, मारू देत. बायकोपोरीचं काय ते सांगा की!’ ती रडली, भांडली, आणि रात्रभर बसून दशम्या केल्या. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सीमा, दोन बसेस, मग तीन तास चढण. सकाळी अकराला मी त्याच्या अंगणात पोचलो.

सुभेदारसाहेब ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे. पाठ सरळ. मी नाव, हुद्दा, पलटण सांगितली आणि सॅल्यूट केला. त्यांनी तो घेतला. बसायला सांगितलं नाही.

‘मेरे बेटे को कहाँ लगाया था?’

‘गेट पे, साब.’

‘वहीं था?’

‘वहीं था, साब. हिला नहीं.’

‘गोली किसने दी?’

‘मैंने, साब.’

‘कौनसी?’

‘बॉल.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजवर कुठल्या साहेबाने पाहिलं नव्हतं.

‘हिरन पे बॉल?’ म्हातारा हळूच म्हणाला. ‘तुमको किसी ने बोला नहीं?’

‘बोला था, साब. दिल ने ही बोला था. मैंने सुना नहीं.’

घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. दारात दिल्याची बायको मनमाया उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी हात जोडले. सुभेदारसाहेबांनी काठी जमिनीवर आपटली.

‘माफी मत माँगना. वो देने का मेरा मन नहीं है. इतनी दूर से आया है, खाना खाके जाना.’

मी खाली बसलो. मनमायाने भात वाढला, डाळ वाढली, माझ्याकडे न बघता. घास उतरत नव्हता, पण ताटात काही ठेवलं नाही. निघताना सुभेदारसाहेबांनी विचारलं, परत कधी येणार. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तेव्हा. ते म्हणाले, हर साल.

तेव्हापासून दरवर्षी जातो. नाईक दिलबहादूर गुरुंगच्या फोटोला हार घालतो आणि अंगणात उभा राहून त्याच्या माणसांना पुन्हा सगळं सांगतो, पाच दहापासून सहा दहापर्यंत, एकही मिनिट न गाळता. सुभेदारसाहेब होते तोवर ते पूर्ण ऐकून घ्यायचे. गेल्या साली ते गेले. यंदा ऐकायला मनमाया एकटीच होती. मी सावधान उभा राहून ‘पाँच बजकर दस मिनट’ एवढं म्हटलं, आणि तिने पाट पुढे सरकवला.

‘मालूम है, दाजू,’ ती म्हणाली. थोरल्या भावाला त्यांच्यात दाजू म्हणतात. ‘बैठो.’